ओळख झाली की देशाला गावं फुटतात

६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. ५० हजारांहून अधिक माणसं गेली. सोलापूरकरांना भूकंपाची भीती कुणी समजावून सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट इथल्या जुन्या माणसांच्या अंगात अजून आहे. तरीही तुर्कस्तानचा भूकंप आपल्यातल्या बहुतेकांसाठी टीव्हीवरच राहिला. आपण हळहळलो आणि कामाला लागलो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलचे एक कारखानदार मात्र त्या दिवशी सकाळपासून फोन लावत बसले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचा एक मित्र देनिज्लीत राहतो. आपल्याकडे टॉवेल म्हटलं की सोलापूर, तसं तिकडे देनिज्ली. जर्मनीत फ्रँकफर्टला दर जानेवारीत घरगुती कापडाचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे दोघांची गाठ पडली होती. फोन लागला तेव्हा मित्राने सांगितलं की देनिज्ली पश्चिमेला आहे, इकडे सगळे सुखरूप आहेत. पण कारखान्यात भूकंपाच्या भागातली माणसं कामाला आहेत आणि त्यांच्या घरी फोन लागत नाहीये.

या फोनमुळे अण्णांच्या डोक्यातला तुर्कस्तान मोठा झाला. त्याला पूर्व-पश्चिम आली, पोटासाठी दूर आलेली माणसं आली. खरं तर तो देश पूर्व-पश्चिम सुमारे १६०० किलोमीटर पसरलेला आहे. हे भूगोलाच्या पुस्तकातही असतं, पण तिथे ते कुणाला भिडत नाही.

असं का होतं, यावर मानसशास्त्रात बरंच काम झालं आहे. १९८० मध्ये क्वाट्रोन आणि जोन्स या संशोधकांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन आणि रटगर्स विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. समोरच्या विद्यापीठातल्या एकाच मुलाची निवड बघून ‘तिकडचे सगळे असेच’ असा अंदाज बांधायला मुलं पटकन तयार व्हायची. परक्या गटातली माणसं आपल्याला एकसारखी वाटतात आणि आपल्या गटातले बारीकसारीक फरक मात्र नीट दिसतात. सोलापुरात कोण कानडी घरातलं, कोण पद्मशाली, कोण पंढरपूरकडचं हे आपण बोलण्यावरून ओळखतो. तुर्कस्तानात मात्र आपल्या लेखी सगळे तुर्क.

त्यात अंतराची भर पडते. ट्रोप आणि लिबरमन यांच्या सिद्धांतानुसार एखादी गोष्ट जागेने, काळाने किंवा नात्याने जितकी लांब, तितका तिचा विचार आपण ढोबळपणे करतो. जवळच्या गोष्टीत आपल्याला तपशील दिसतात, लांबच्या गोष्टीवर नुसतं लेबल चिकटतं. मैत्रीने किलोमीटर कमी होत नाहीत, पण नात्याचं अंतर कमी होतं. तेवढ्याने तपशील दिसायला लागतात.

हे तपशील कुठून येतात, ते मी अण्णांच्या शेडमध्ये पाहिलं आहे. टेरी मागावर, म्हणजे टॉवेलच्या मागावर, ताण्याचे म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन बीम (रूळ) असतात, एक घट्ट आणि एक सैल. फणी दोन बाणे, म्हणजे आडवे धागे, जरा अलीकडेच थांबवते आणि तिसऱ्याला तिघांनाही एकदम पुढे ठोकते. त्या ठोक्यासरशी सैल ताण्याचे धागे वर उचलले जाऊन फासे बनतात. टॉवेलचा मऊपणा तो हाच. एकदा व्हिडिओ कॉलवर मित्राने त्याच्याकडचा माग दाखवला. खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. अण्णांनी बोटं जुळवून फाशाची उंची विचारली, त्यानेही बोटांनीच उत्तर दिलं. आपल्याकडे साडेअकरा झाले होते, तिकडे नऊच वाजले होते. त्याचा चहा अजून व्हायचा होता.

१९७२ मध्ये एंडेल तुल्विंग यांनी स्मरणाचे दोन प्रकार मांडले. एकात माहिती साठते, दुसऱ्यात आपल्यावर गुजरलेले प्रसंग. मित्राकडून येणारा देश या दुसऱ्या कप्प्यातही शिरतो. म्हणूनच ‘अडीच तासांचा फरक’ हे अण्णांना पाठ करावं लागलं नाही.

मैत्रीचा परिणाम एका माणसापुरता राहतो का? थॉमस पेटिग्र्यू यांनी पश्चिम युरोपातल्या चार देशांमधल्या सुमारे ३८०० लोकांची उत्तरं तपासून १९९७ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांना परक्या गटातले मित्र होते, त्यांच्या मनात त्या गटाविषयी पूर्वग्रह कमी होते. एवढंच नाही, ज्यांच्याशी कधी गाठ पडली नव्हती अशा इतर गटांविषयीही ते कमी होते. नुसतं शेजारी राहण्याचा किंवा एकत्र काम करण्याचा परिणाम मैत्रीइतका दिसला नाही. त्याच वर्षी स्टीफन राइट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आपल्यातल्या कुणाची तिकडे मैत्री आहे, एवढं कळलं तरी मत मवाळ होतं.

सोलापूरकरांना याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये याच शहरात जन्मले. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये गेले, चिनी भाषा शिकले, तिथल्याच को छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं आणि १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी तिथेच वारले. सीमेवर तणाव असला तरी चीनचं नाव निघताच इथल्या अनेकांना आधी आपला डॉक्टर आठवतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

मात्र मैत्री आणि दया एक नव्हे. २००७ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात आफ्रिकेतल्या रोकिया या एका मुलीचा फोटो बघून आणि वर्णन वाचून लोकांनी, लाखो उपाशी लोकांचे आकडे वाचून दिले त्यापेक्षा जास्त पैसे दिले. पण फोटोतली मुलगी उलट बोलत नाही. मित्र बोलतो, ‘तसं नाही रे’ म्हणून आपली समजूत दुरुस्त करतो. अर्थात त्याचंही सगळंच धरून चालत नाही. अण्णांचा मित्र मालक आहे. त्याच्या मागावरच्या कामगाराला विचारलं तर तुर्कस्तान वेगळाच निघेल.

मग अशी मैत्री फ्रँकफर्टला न जाता होईल का? ऑस्ट्रेलियात मुस्लिम आणि कॅथलिक शाळांतल्या मुलांना एकमेकांशी फक्त इंटरनेटवरून बोलायला लावलं, एकत्र काम दिलं. पूर्वग्रह कमी झाल्याचं काही महिन्यांनंतरही दिसत होतं. आर्थर ॲरन यांच्या १९९७ च्या प्रयोगात अनोळखी जोड्यांनी पाऊण तास एकमेकांना हळूहळू अधिक खासगी होत जाणारे प्रश्न विचारले. हवापाण्याच्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात जास्त जवळीक झाली. त्यामुळे शाळेने परदेशातल्या वर्गाशी मुलांची गाठ घालून द्यायची असेल, तर ‘तुमच्या देशाची राजधानी कोणती’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. घरात आधी कोण उठतं, भांडण झालं की कोण समजूत काढतं, कशाची भीती वाटते, हे विचारू द्यावं.