मॉरिशस, मालदीव, सेशेल्स, फिजीला माल पाठवणाऱ्यांसाठी : क्रेटइतकंच टेकूच्या लाकडाकडे बघा

परदेशी जाणाऱ्या लाकडी क्रेटला, पॅलेटला आयएसपीएम 15 (लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये यासाठीचा आंतरराष्ट्रीय नियम) प्रमाणे उपचार, म्हणजे भट्टीत तापवणं किंवा धुरी, आणि गव्हाच्या लोंबीचा शिक्का लागतो, हे आमच्या बहुतेक ग्राहकांना सांगावं लागत नाही. तरी बेटांवर जाणारे कंटेनर अडकतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं.

क्रेट नीट असतं. शिक्काही स्वच्छ असतो. पण भरणीच्या वेळी यंत्र हलू नये म्हणून गोदामात पडलेली फळी तोडून खाली पाचरी मारल्या जातात, कडेने आडव्या पट्ट्या ठोकल्या जातात. हे लाकूड बहुधा बांधकामावरचं, कधी सालीसकट. त्याला डनेज म्हणतात आणि नियमाच्या दृष्टीने तेही पॅकिंगच. तिकडे दार उघडल्यावर तपासनीसाला पहिली दिसते ती ही बिनशिक्क्याची पट्टी. मग कंटेनर बाजूला काढतात. धुरी देणं, ते लाकूड नष्ट करणं किंवा माल परत पाठवणं, काहीही होऊ शकतं. खर्च तुमचा, आणि तोवर डेमरेज (कंटेनर अडकून राहिल्याचा आकार) चढत राहतं.

म्हणून क्रेटची ऑर्डर देतानाच टेकूच्या पट्ट्या मागा. आम्ही त्यांच्यावर थोड्या-थोड्या अंतराने पूर्ण शिक्का मारून देतो, म्हणजे जागेवर कापल्या तरी चालतं. मात्र कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर एक अख्खा शिक्का हवा. शिक्का अर्धा कापला गेलेला तुकडा वापरू नका. वीतभर पाचरी हव्या असतील तर माप आधी कळवा, तशाच कापून, शिक्का मारून देऊ. प्लायवूडचे तुकडेही चालतात, कारण डिंक, उष्णता आणि दाब वापरून बनलेल्या प्लायला हा नियम लागू नाही. प्लाय आम्ही विकत नाही, तरी सांगून ठेवतो. पण प्लायच्या पेटीला खाली भरीव लाकडाचे गुटके ठोकले असतील, तर त्या गुटक्यांना उपचार लागतोच. इथे बरेच जण फसतात.

दुरुस्तीचंही तसंच आहे. शिक्क्याच्या पॅलेटची फळी तुटली आणि दुसरी मारली, तर ती उपचार केलेली हवी आणि तिच्यावर वेगळा शिक्का हवा. एक तृतीयांशाहून जास्त भाग बदलला, तर जुने शिक्के पार खोडून सगळ्याला पुन्हा उपचार करावा लागतो. काहीच बदललं नसेल तर शिक्क्याला मुदत नाही, जुनं पॅलेट खुशाल वापरा.

"30 मिनिटांचं काम, मग दिवस कशाला?"

भट्टीच्या उपचाराबद्दल ग्राहक असं विचारतात. ती 30 मिनिटं लाकडाच्या गाभ्याची असतात. गाभा 56 अंशांवर पोचला की तिथून पुढे सलग 30 मिनिटं मोजायची. ओल्या, 4 इंची चौकटीच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचायलाच काही तास जातात. मधे तापमान उतरलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी सळई, आम्ही सगळ्यांत जाड नगाच्या मध्यात घालतो. पातळ फळीत घातला तर भट्टी लवकर रिकामी होईल, पण जाड लाकडातली अळी जिवंत राहील. आणखी एक गोष्ट : या उपचाराने लाकूड किडीपासून मोकळं होतं, वाळतंच असं नाही. ओलं लाकूड देऊन लगेच प्लास्टिकमध्ये गुंडाळलंत, तर बोटीवर बुरशी धरणार.

भट्टीऐवजी मिथाइल ब्रोमाइड या गॅसची धुरी हवी असेल तर 21 अंशांवर दर घनमीटरला 48 ग्रॅम, 24 तास. लाकडाची कमीत कमी बाजू 20 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. साल आधीच काढलेली हवी आणि माल प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नको, कारण त्यातून गॅस आत जात नाही. आम्ही शक्यतो भट्टीच सुचवतो. "नुसता शिक्का मारून द्या" असं कोणी म्हटलं तर नकारच मिळेल. त्यातला क्रमांक आमच्या नावावर नोंदलेला आहे.

बेटं इतकी कडक का?

कोकणातल्या बागायतदाराच्या ओळखीचा, नारळाची झाडं पोखरणारा गेंडा भुंगा 1909 मध्ये सामोआला पोचला, सिलोनहून गेलेल्या रबराच्या रोपांबरोबर, असं मानलं जातं. मग तो पॅसिफिकमधल्या एकेका बेटावर पसरला, आणि तिथली बरीचशी गावं नारळावरच जगतात.

दुसरी बाजू त्यांच्या स्वतःच्या निर्यातीची. फळमाशीमुळे फिजीची पपई न्यूझीलंडला तशीच पाठवता येत नाही. पूर्वी धुरीवर भागायचं. 1990 च्या दशकात तो रसायनाचा मार्ग बंद झाला, तेव्हा फिजीतल्या नाडी शहरात गरम हवेचं केंद्र उभं राहिलं. तिथे फळाचा गाभा 47.2 अंशांवर 20 मिनिटं ठेवतात, म्हणजे आमच्या भट्टीचंच तत्त्व, फक्त फळ शिजू नये इतकं बेताने. प्रशिक्षित तपासनीस, सापळे, नोंदी, पुढे 2008 च्या कायद्याने आलेलं फिजीचं जैवसुरक्षा प्राधिकरण, हे सगळं उभं केल्यावरच समोरचा देश माल घेतो. बाहेरून एखादी नवी कीड आत आली तर हा विश्वास पुन्हा कमवायला वर्षं लागतात. तुमच्या पाचरीकडे ते टॉर्च मारून बघतात ते म्हणूनच.

फायटो वेगळा

कांदा, बी-बियाणं, रोपं अशा मालाला लागणारं फायटो प्रमाणपत्र सरकारी वनस्पती संगरोध अधिकारी देतात, आम्ही नाही. शिक्का त्याच्या जागी चालत नाही, ना ते शिक्क्याच्या जागी. आयातदाराकडून त्या देशाच्या परवान्याच्या अटी मागवून आधी सीएचएला (कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटला) दाखवा. गोणीला माती लागलेली नको. कंटेनर सील केल्यावर तपासणीसाठी धावपळ करू नका.

ऑर्डर देताना कळवा : कुठल्या देशाला, क्रेटची मापं, सगळ्यांत जाड नगाची जाडी, लाकूड ओलं की वाळलेलं, टेकूच्या पट्ट्या किती फूट, आणि भरणीची तारीख. भट्टीचा तापमान-आलेख आणि उपचाराचं प्रमाणपत्र मालाबरोबरच मिळतं. पट्ट्या क्रेटबरोबर घेतल्या तर त्याच फेरीत जातात, भट्टीचं वेगळं भाडं लागत नाही.