सातव्या वर्षी एकदा दात दाखवा, तार लावायला नव्हे, बघायला

दुसरी-तिसरीतल्या मुलाला घेऊन पालक आमच्याकडे येतात तेव्हा बहुतेकांच्या मनात एक वाक्य पक्कं बसलेलं असतं: "सगळे दुधाचे दात पडू देत, मग बघू." घरातल्या मोठ्यांनी ते सांगितलेलं असतं, कधी एखाद्या डॉक्टरांनीही. पुष्कळ मुलांच्या बाबतीत ते बरोबरच आहे. पण काही मुलांच्या बाबतीत याच वाक्यामुळे जबडा सहज वळवता येण्याची वर्षं निघून जातात. आपलं मूल यातलं कुठलं, हे ओळखायला मदत व्हावी म्हणून हे पत्रक.

सातवंच वर्ष का?

सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला तिचा पत्ता लागत नाही. ती कायमची दाढ आहे, आयुष्यभर पुरवायची आहे. वरच्या आणि खालच्या अशा दाढा एकमेकींवर कशा बसतात, यावरून दोन्ही जबड्यांचं आपसात कसं जमतंय ते कळतं. त्याच सुमाराला पुढचे पटाशीचे दातही बदलू लागतात. म्हणून अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात आणि जबडे नीट करणारे डॉक्टर) मंडळींची संघटनाही पहिली तपासणी सात वर्षांपर्यंत करून घ्या, असं सांगते. तपासलेल्या अनेक मुलांना आम्ही काहीही न लावता घरी पाठवतो आणि सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा बोलावतो.

हे बघून घाबरू नका

वरचे पुढचे दोन दात नवे आले, मोठे दिसतात आणि मधे फट आहे? बाजूचे दात आणि सुळे खाली उतरताना ही फट बहुधा आपोआप मिटते. सुळे वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी येतात, तोवर धीर धरा. खालचे नवे दात दुधाच्या दातांच्या मागून, दुसऱ्या ओळीत उगवले तरी घाबरायचं कारण नाही. पुढचा दुधाचा दात हलत असेल तर तो पडू द्या, मागचा दात जीभच पुढे ढकलते. दुधाचा दात अजिबात हलत नसेल तर मात्र दाखवायला या.

यासाठी थांबू नका

मुलाला खिडकीजवळ उजेडात बसवा. थुंकी गिळून मागच्या दाढा टेकवायला सांगा आणि दोन बोटांनी गाल हलकेच बाजूला करा. डब्याचं झाकण जसं डब्याच्या कडेबाहेर बसतं, तसे वरचे दात खालच्या दातांच्या किंचित बाहेर दिसले पाहिजेत. एखाद्या बाजूला उलटं दिसत असेल, वरच्या दाढा आत आणि खालच्या बाहेर, तर त्याला क्रॉसबाइट म्हणतात. आता मुलाला तोंड उघडून सावकाश मिटायला सांगा आणि नजर हनुवटीवर ठेवा. मिटता मिटता शेवटच्या क्षणी हनुवटी एका बाजूला सरकते का? वरचा जबडा अरुंद असला की दात नीट बसावेत म्हणून मूल जबडा सरकवून चावायला शिकतं. त्याला ते जाणवतही नाही. वर्षानुवर्षं असं चाललं तर जबड्याची वाढही वाकडी होऊ शकते.

यावर उपाय आहे आणि लहानपणी तो सोपा आहे. टाळूचं हाड मधोमध दोन भागांत असतं. लहान मुलात या दोन भागांमधली शिवण मोकळी असते, वयात येताना ती घट्ट होत जाते. मोठेपणी तीच शिवण उघडायला काही जणांना शस्त्रक्रिया लागते. मुलांना आम्ही टाळूला एक्सपान्डर, म्हणजे वरचा जबडा रुंद करणारं उपकरण, बसवतो. त्याच्या मधल्या स्क्रूला चावीने पाव फेरा दिला की साधारण पाव मिलिमीटर जागा वाढते. चावी रोज फिरवायची की आठवड्यातून एक-दोनदा, हे उपकरणाच्या प्रकारावर ठरतं आणि ते आम्ही लिहून देतो.

तिसरीतल्या एका मुलीचे बाबा रोज रात्री मोबाइलचा टॉर्च दातांत धरून चावी फिरवायचे आणि कॅलेंडरवर फुली मारायचे. नवव्या दिवशी सकाळी त्यांचा घाबरलेला फोन आला, "डॉक्टर, पुढच्या दातांमध्ये फट पडली!" ही फट म्हणजे शिवण उघडल्याची खूण. ती पुढे आपोआप मिटते, तिचीही मिटली. चावी फिरवणं संपलं तरी एक्सपान्डर आणखी काही महिने तोंडात ठेवावा लागतो, कारण उघडलेल्या जागेत नवं हाड भरायला वेळ लागतो. सुरुवातीचे काही दिवस लाळ जास्त येते, 'स' आणि 'श' नीट उमटत नाहीत. चिक्की, च्युइंगगम आणि चिकट गोळ्या तेवढ्या दिवसांत बंद.

पुढचा एखादाच वरचा दात खालच्या दाताच्या आत अडकला असेल तर त्याच्यासमोरच्या खालच्या दाताची हिरडी झिजू लागते. साध्या प्लेटने हे बऱ्याचदा काही आठवड्यांत सुटतं. वरचा सगळा जबडाच मागे राहिला असेल, तर तो पुढे ओढणारा फेसमास्क (चेहऱ्यावर बाहेरून घालायचं उपकरण) साधारण दहा वर्षांच्या आत लावलेला बरा. तो घरीच, संध्याकाळपासून सकाळपर्यंत, बारा-चौदा तास घालावा लागतो. इथे खोटी आशा दाखवणार नाही. घराण्यातच खालचा जबडा मोठा असेल तर वयात येताना तो पुन्हा पुढे येऊ शकतो आणि काहींना मोठेपणी शस्त्रक्रिया लागतेच.

पुढे आलेल्या दातांबद्दल

सर्वात जास्त चौकशी याच दातांची होते आणि घाईही इथेच होते. खालचा जबडा मागे असल्यामुळे वरचे दात पुढे दिसत असतील, तर ट्विन ब्लॉकसारखी, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी उपकरणं उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात चांगलं काम करतात. मुलींमध्ये हे वय बहुधा दहा ते बारा, मुलांमध्ये बारा ते चौदा. आठव्या वर्षी सुरू केलं तर उपचार लांबतो, शेवटचा निकाल मात्र बहुतेक तोच राहतो. लवकर सुरू करण्याचा अभ्यासांतून दिसलेला खरा फायदा म्हणजे पडझडीत पुढचे दात तुटण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणून ओठ मिटत नसतील, मूल सारखं धडपडत असेल किंवा शाळेत चिडवाचिडवीने खंतावलं असेल तर आम्ही लवकर सुरू करतो. नाहीतर थांबायलाच सांगतो.

"दुधाचीच दाढ, पडणारच आहे"

दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. किडली म्हणून सहाव्या वर्षी काढली, तर मागची कायमची दाढ त्या रिकाम्या जागेत कलते आणि नव्या दाताला वाट उरत नाही. पुढची अर्धी दाटी इथेच सुरू होते, असं आमचं मत आहे. म्हणून कीड लवकर भरून घ्या. दाढ काढावीच लागली तर जागा राखून ठेवणारी छोटी तार लगेच बसवता येईल का, हे विचारा.

अंगठा चोखण्याची सवय चार वर्षांपर्यंत फार मनावर घेऊ नका. कायमचे पटाशीचे दात येण्याआधी ती सुटली पाहिजे. अंगठ्याला तिखट किंवा कडुनिंब लावू नका, मूल लपून चोखायला लागतं. तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्या, घोरणाऱ्या मुलाला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

खर्च आणि वेळ

लवकर उपचार केला म्हणजे पुढे तार लागणार नाही, असं नाही. बऱ्याच मुलांना बारा-तेराव्या वर्षी तार लागतेच, पण तेव्हाचं काम सोपं झालेलं असतं. दोन्ही टप्प्यांचा अंदाजे खर्च आम्ही पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून देतो. तो घरी नेऊन विचार करा, दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा.

पहिल्या तपासणीला वीसेक मिनिटं लागतात. एक्स-रे गरज असेल तरच काढतो. आधीचे एक्स-रे असतील तर घेऊन या. मुलाला काहीतरी खाऊ घालून आणि दात घासून आणा. "सुई टोचणार नाहीत" असं आधीपासून सांगू नका, त्याने सुईचा विचारही केलेला नसतो. "डॉक्टर दात मोजणार आहेत" एवढं सांगितलं तरी पुरे.