जर्मनच्या गंजातली वीज

परवा आईने बूड पिचकलेला एक जर्मनचा गंज कबाड्याच्या तराजूत टाकला. भरला अर्धा किलो. (नागपूरबाहेरच्यांसाठी: गंज म्हणजे पातेलं, जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम.) हा घडवायला सातेक युनिट वीज लागली असेल, असं मी म्हटलं. "मंग कूलरच चालवला असता," आई म्हणाली. खरंच आहे. २०० वॅटचा कूलर तेवढ्यात ३५ तास चालतो.

एवढी वीज खाते कोण? ऑक्सिजनची मिठी. बॉक्साइट हा खाणीतला दगड धुऊन-गाळून जी पांढरी पूड मिळते, त्या अ‍ॅल्युमिनात अ‍ॅल्युमिनियमला ऑक्सिजन घट्ट धरून बसलेला असतो. लोखंडासारखं कोळसा घालून भट्टीत भागत नाही. पाण्यात वीज सोडावी, तर धातूऐवजी हायड्रोजन निघतो. पूड वितळवावी, तर २००० अंशांच्याही वर जावं लागतं.

तोड निघाली १८८६ मध्ये. अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये हेरू, दोघांनी एकमेकांना न ओळखता एकच युक्ती शोधली. दोघांचा जन्म १८६३चा आणि मृत्यूही १९१४चाच! मीठ वितळायला ८०० अंश लागतात, पण वरणात ते सहज विरघळतं ना? तसंच अ‍ॅल्युमिना क्रायोलाइट नावाच्या वितळलेल्या खनिजात विरघळतं, साधारण ९६० अंशांना.

मग त्यात वीज सोडली की ऑक्सिजनची मिठी सुटते. कारखान्यात हे ज्या टाकीत चालतं, तिला 'पॉट'च म्हणतात. पोलादी, आतून कार्बनचं अस्तर. व्होल्टेज जेमतेम चार-साडेचार, म्हणजे टॉर्चचे तीन सेल. करंट मात्र लाखो अँपिअर. वरून सोडलेल्या कार्बनच्या ठोकळ्यांशी ऑक्सिजन भिडतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. ठोकळे झिजतात, काही आठवड्यांनी बदलावे लागतात. धातू जड, म्हणून तळाशी साचतो. तो वरून नळीने ओढून घेतात.

असे शेकडो पॉट एका रांगेत जोडलेले. मे महिन्यात आमची लाइट जाते तशी तिथली चार-पाच तास गेली, तर सगळा रस पॉटमध्येच गोठतो आणि मग तो फोडून काढायचा. म्हणून मोठे कारखाने स्वतःचं वीजकेंद्रच उभारतात.

कबाड्याने गंज पायाने चेपला आणि पोत्यात कोंबला. त्यातला ऑक्सिजन एकदाच, कायमचा निघालेला आहे; आता नुसता ६६० अंशांना वितळवायचा. त्याला लागणारी ऊर्जा नव्या धातूच्या सुमारे ५ टक्के.

आईच्या कूलरचे पावणेदोन तास.