प्रत्येक जुना खोकला टीबीचा नसतो

१९१२ साली न्यूयॉर्कचे डॉ. आयझॅक ॲडलर यांनी फुप्फुसाच्या कर्करोगावर पुस्तक लिहिले, तेव्हा तो अत्यंत दुर्मीळ रोग समजला जाई. पुढच्या चाळीस वर्षांत युरोप-अमेरिकेत त्याचे रुग्ण भराभर वाढले. यंत्रावर बनलेली स्वस्त सिगारेट घरोघरी पोचली होती, पण तिचा परिणाम दिसायला वीस-तीस वर्षे लागतात. त्यामुळे मोटारींचा धूर, रस्त्यांचे डांबर यांच्यावरही संशय घेतला जात होता.

सेंट लुईसचे सर्जन एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी १९३३ मध्ये कर्करोगाच्या एका रुग्णाचे अख्खे फुप्फुस काढून त्याला वाचवले. ग्रॅहम स्वतः सिगारेट ओढत आणि दोष सिगारेटचा आहे, हे त्यांना पटत नव्हते. अर्न्स्ट विंडर या तरुण विद्यार्थ्याबरोबर ६८४ रुग्णांची माहिती तपासल्यावर मात्र त्यांचे मत बदलले. तो अभ्यास मे १९५० मध्ये छापून आला. त्याच वर्षी लंडनमध्ये डॉल आणि हिल या संशोधकांचाही निष्कर्ष तोच निघाला: दोष सिगारेटचाच. ग्रॅहम यांनी सिगारेट सोडली, पण उशीर झाला होता. १९५७ मध्ये ते फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले. त्यांनी वाचवलेला रुग्ण तेव्हा हयात होता.

इतक्या जाणत्या सर्जनलाही हा रोग चाहूल न देता गाठतो, कारण फुप्फुसाला आतून वेदना जाणवत नाही. गाठ छातीच्या आवरणापर्यंत पोचली की मग दुखू लागते. त्याआधी दिसते ते साधेच: तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, बेडक्यातून रक्त, दम लागणे, बसलेला आवाज, वजन उतरणे, त्याच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया.

आपल्याकडे ही लक्षणे म्हटली की आधी टीबी आठवतो. तेही स्वाभाविकच, टीबी आहेच इतका. पण थुंकीत जंतू सापडलेले नसताना केवळ एक्स-रेवरच्या डागावरून गोळ्या सुरू होतात आणि कर्करोगाच्या रुग्णाचे मोलाचे महिने त्यात जातात, हे मला फार अस्वस्थ करते. बिडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्यांनाही हा रोग होतो. १९५० नंतर चुलीचा धूर, जमिनीतून झिरपणारा किरणोत्सारी रेडॉन वायू, प्रदूषित हवा हीदेखील कारणे ठरली आहेत. म्हणून टीबीच्या औषधांनी दीड-दोन महिन्यांत उतार पडला नाही, तर सीटी स्कॅन आणि बायोप्सीबद्दल (गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणे) डॉक्टरांना स्वतःहून विचारा. खोकल्यातून रक्त पडत असेल, तर तेवढेही थांबू नका.