नियतकालिकांच्या नोंदी: तीन पत्रांपासून संगणकप्रणालीपर्यंत

ग्रंथ एकदा दाखल नोंदवहीत चढला की त्याची मूळ नोंद पूर्ण होते. नियतकालिकाचे तसे नाही. वर्गणी भरली जाते ती अजून न छापलेल्या अंकांसाठी, आणि त्यानंतर अंक टपालात गहाळ होतात, उशिरा येतात, दोन महिन्यांचा मिळून जोडअंक निघतो, मासिकाचे त्रैमासिक होते, नाव बदलते किंवा कोणतीही सूचना न देता प्रकाशनच थांबते. आलेला अंक लिहून ठेवणे तुलनेने सोपे आहे. न आलेला अंक प्रकाशकाकडे प्रती शिल्लक आहेत तोवर लक्षात येणे, हीच या कामाची खरी कसोटी. ग्रंथालयीन संगणकप्रणालीतील नियतकालिक विभागाची जडणघडण याच अडचणीभोवती झाली आहे.

सुरुवातीला सर्वत्र नोंदवही होती. प्रत्येक शीर्षकाला एक पान, पानावर महिन्यांचे रकाने, आणि अंक आला की त्या रकान्यात तारीख. पुढे कार्डेक्सची पोलादी कपाटे आली. त्यांच्या सपाट खणांत कार्डे एकमेकांवर अशी बसवलेली असत की प्रत्येकाची शीर्षकाची कड दिसत राही. शोधणे सोपे झाले, पण कोणता अंक राहिला हे कळण्यासाठी कोणीतरी सगळे खण मुद्दाम तपासावे लागत.

या उणिवेवर सर्वांत नेमका उपाय डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी दिला. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयाची धुरा १९२४ पासून सांभाळणाऱ्या रंगनाथनांनी एका नियतकालिकासाठी तीन पत्रे, म्हणजे कार्डे, वापरण्याची पद्धत मांडली. नोंदपत्रावर आलेल्या अंकांची नोंद होई आणि वर्गीकृत निर्देशपत्रावर संग्रहातील खंड, पुरवण्या व सूची यांचा तपशील राही. तिसरे तपासणीपत्र हे या पद्धतीचे मर्म होते. ते शीर्षकाच्या अकारविल्हे क्रमाने लावले जात नसे. पुढचा अंक ज्या आठवड्यात अपेक्षित असेल, त्या आठवड्याच्या मार्गदर्शक पत्रामागे ते ठेवले जाई. अंक आला की पत्र पुढच्या अपेक्षित आठवड्यामागे सरके. आठवडा संपल्यावर त्या जागी जी पत्रे उरतील, तीच न आलेल्या अंकांची यादी, आणि त्यांच्यासाठी स्मरणपत्रे निघत. न घडलेल्या गोष्टीची नोंद आपोआप तयार करणारी ही रचना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे, आणि आजच्या प्रत्येक संगणकप्रणालीतील नियतकालिक विभाग त्याच तत्त्वावर चालतो, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान डिएगो येथील ग्रंथालयाने १९६१-६२ च्या सुमारास छिद्रपत्रांच्या (छिद्रे पाडून माहिती साठवणाऱ्या कार्डांच्या) साहाय्याने नियतकालिकांच्या नोंदी संगणकावर घेण्याचा प्रकल्प राबवला. नियतकालिकांच्या संगणकीकरणातील अगदी आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. तथापि त्या काळी प्रत्येक ग्रंथालयाची मांडणी स्वतःपुरती होती, त्यामुळे एकाचा तपशील दुसऱ्याच्या यंत्राला उपयोगी पडत नसे.

ही कोंडी प्रमाणकांनी काही अंशी फोडली. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्रम यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेल्या मार्क या यंत्रवाचनीय स्वरूपाची नियतकालिकांसाठीची आवृत्ती १९७० मध्ये आली. १९७५ मध्ये आयएसएसएन हा आठ स्थानांचा क्रमांक आंतरराष्ट्रीय प्रमाणक ठरला आणि सारख्या नावांची नियतकालिके निःसंदिग्धपणे वेगळी ओळखता येऊ लागली. मात्र या दोहोंनी प्रश्न सोडवला तो शीर्षकाच्या ओळखीचा. ग्रंथालयात नेमके कोणते अंक आहेत, हे सांगण्यासाठी मार्कचे स्वतंत्र धारणा-स्वरूप १९८४ मध्ये पुढे आले. त्यातील ८५३ क्रमांकाच्या क्षेत्रात क्रमांकनाचा साचा आणि ८६३ मध्ये प्रत्यक्ष खंड व अंक लिहिले जातात. रचना काटेकोर आहे, परंतु अनेक प्रणालींनी ती पूर्णपणे न स्वीकारता अंकांच्या नोंदी स्वतःच्याच पद्धतीने साठवल्या, ही मला या इतिहासातील सर्वांत महागात पडलेली गोष्ट वाटते.

भारतात युनेस्कोच्या सीडीएस-आयसिस या आज्ञावलीने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ग्रंथालयांना संगणकाची सवय लावली. विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या संस्थेच्या सोल या ग्रंथालय प्रणालीत नियतकालिकांसाठी वेगळा विभाग मिळाला. न्यूझीलंडमध्ये २००० साली सुरू झालेल्या कोहा या मुक्त स्रोत ग्रंथालय प्रणालीला हा विभाग नंतर जोडला गेला, आणि २०१३ च्या ३.१४ आवृत्तीपासून वारंवारिता (अंक किती काळाने निघतो) व क्रमांकन यांचे साचे ग्रंथपालाला स्वतः घडवता येऊ लागले.

मराठी नियतकालिकांसाठी ही सोय मोलाची आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून रुजलेल्या परंपरेमुळे आपल्याकडची बरीच मासिके ऑक्टोबर-नोव्हेंबरचा एकच अंक काढतात. कोहामध्ये मासिक वारंवारिता निवडून तसेच सोडले, तर प्रणाली नोव्हेंबरच्या अंकाची वाट पाहते आणि कधीच न निघालेल्या अंकाला उशिराचा शिक्का लागतो. म्हणून पुढच्या अंकांबाबत प्रणालीने केलेल्या अंदाजाची चाचणी घेताना नोव्हेंबरपुढे तो प्रकाशित होणार नसल्याची खूण करावी लागते. शिवाय मुखपृष्ठावर ‘वर्ष ४२, अंक १०-११’ असे छापले जात असेल, तर डिसेंबरला बारावा क्रमांक मिळावा यासाठी मधला क्रमांक वगळण्याचा पर्याय निवडावा लागतो. ‘अंक १०’ एवढेच छापले जात असेल तर क्रमांक कायम ठेवावा लागतो. हे ठरवण्यासाठी मागच्या वर्षीचे अंक हातात घेऊन पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

ई-नियतकालिकांत अंक नोंदवण्याचे काम जवळपास उरलेले नाही. तिथे कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत वाचनाचा हक्क आहे, हे सांभाळावे लागते. जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेमुळे शासकीय संस्थांमधील वर्गणीचा व्यवहारही एकत्र झाला आहे. छापील अंक येतात तिथे मात्र जुनी अडचण कायम आहे. एका प्रणालीतून दुसरीत जाताना शीर्षकांच्या नोंदी मार्कच्या आधारे बहुधा सुखरूप पोहोचतात. वर्गणीचे साचे, अंक आल्याच्या तारखा आणि पाठवलेल्या स्मरणपत्रांचा इतिहास सहसा मागे राहतो, आणि तो जुन्या नोंदींवरून हाताने पुन्हा भरावा लागतो.