इंटरनेटच्याही आधी टपालाने फुटलेलं गुपित

आपल्याकडे नव्वदच्या दशकात केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) ही अमेरिकन कुस्ती पाहिलेल्या पिढीचा एक ठाम समज आहे: या कुस्त्यांचे निकाल आधीच ठरलेले असतात, हे जगाला इंटरनेटमुळे कळलं. हे खरं नाही.

अमेरिकेत 1930 च्या दशकातच जॅक फेफर या कुस्त्या भरवणाऱ्या प्रवर्तकाने धंद्यातल्या भांडणातून एका न्यूयॉर्कच्या वृत्तपत्राला आतल्या गोष्टी सांगितल्या होत्या. तरी दुकानांत मिळणारी मासिकं पुढे अनेक दशकं या गुपितावरचा पडदा सांभाळत राहिली. 1979 मध्ये सुरू झालेलं 'प्रो रेसलिंग इलस्ट्रेटेड' लढती खऱ्या मानूनच क्रमवारी लावायचं. पैलवान, प्रवर्तक आणि मासिकं, सगळ्यांचा व्यवहार त्या पडद्याच्या जोरावरच चालायचा.

तो फाडला हौशी चाहत्यांनी. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून डेव्ह मेल्ट्झर कॅलिफोर्नियातून 'रेसलिंग ऑब्झर्व्हर' नावाचं बातमीपत्र वर्गणीदारांना टपालाने पाठवायचा. बारीक अक्षरांत गच्च भरलेली पानं, आणि त्यांत तिकीटविक्री, करार, कोण कुठल्या कंपनीत चाललाय याची खबर. 1987 मध्ये वेड केलरचं 'प्रो रेसलिंग टॉर्च' आलं. पैलवान या पत्रांना तुच्छतेने 'डर्ट शीट', म्हणजे घाणीचा कागद, म्हणायचे, पण त्यांतले बरेच जण ती वाचायचेही. या पत्रकारितेचं श्रेय नंतरच्या वेबसाइट्सना देणं मला अन्यायाचं वाटतं.

1989 मध्ये तर खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफनेच न्यू जर्सीत, क्रीडा नियमांतून सुटका मिळावी म्हणून, आपला खेळ म्हणजे मनोरंजन असल्याचं मान्य केलं. तेव्हा घरोघरी इंटरनेट कुठे होतं?