थर्टी-फिफ्टी घ्यायचंय, पण ८ जीबीचं की ६ जीबीचं?

भाच्यानं एक सेकंड हँड टॉवर घेतला, डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०५०. आय-५ ७५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला. कडेला मालमत्ता क्रमांकाचा स्टिकर अजून तसाच. मग चार महिने पैसे साठवून त्यात घालायला ग्राफिक्स कार्ड आणलं, आरटीएक्स ३०५०. आकडे जुळले हा निव्वळ योगायोग, पण त्याला तो शुभशकुन वाटला असावा. माझ्याकडे आला तेव्हा कार्ड खोक्यातच होतं आणि तोंड उतरलेलं. "मामा, याला वरून विजेची वेगळी वायर लागतेय. आपल्या डब्यात तशी वायरच नाहीये."

बरोबर होतं त्याचं. आणलेलं कार्ड ८ जीबीचं होतं, त्याच्या डब्याला चालणारं ६ जीबीचं. दुकानदारानं कॉम्प्युटर कुठला ते विचारलं नाही, यानंही सांगितलं नाही. दोन्ही कार्डांना लोक 'थर्टी-फिफ्टी'च म्हणतात, आणि फरक फक्त मेमरीचा, तो पण २ जीबीचा, असंच सगळे धरून चालतात. तसं नाही. ही दोन वेगळी कार्डं आहेत.

८ जीबीचं कार्ड जानेवारी २०२२ मध्ये आलं. त्यात २५६० कुडा कोअर (चिपमधले हिशोब करणारे छोटे भाग), मेमरीची बस १२८ बिटची, आणि वीज खातं १३० वॅट. ६ जीबीचं दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं. त्यात कोअर २३०४, बस ९६ बिटची, वीज ७० वॅट. चिपसुद्धा दुसरी: पहिल्या ८ जीबीत जीए-१०६, ६ जीबीत तिची धाकटी बहीण जीए-१०७. (पुढे ८ जीबीची काही कार्डंही जीए-१०७ वर निघाली, पण त्यांचे कोअर आणि बस ८ जीबीचेच राहिले. म्हणून चिपच्या नावावर जाऊ नका, बसवर जा.)

बस म्हणजे मेमरी आणि चिप यांच्यामधला रस्ता. १२८ बिटांच्या रस्त्यावरून सेकंदाला २२४ जीबी माल जातो, ९६ बिटांच्या रस्त्यावरून १६८ जीबी. चारपदरी रस्त्याची एक लेन कायमची बंद केली तर जे होईल ते. वर चिपच्या घड्याळाचा वेगही ६ जीबीत कमी ठेवलाय, बूस्ट (म्हणजे जोरात पळतानाचा वेग) १७७७ मेगाहर्ट्‌झऐवजी १४७० मेगाहर्ट्‌झ. सगळं मिळून ६ जीबीचं कार्ड गेम बघून पंधरा-वीस टक्के मागे पडतं, कुठे जरा जास्तच. खोक्यावर मात्र ठळक दिसतं ते '३०५०'.

या चिपवाल्या एनव्हिडिया कंपनीला हे कळत नाही असं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी आरटीएक्स ४०८० दोन रूपांत जाहीर केलं, १६ जीबी आणि १२ जीबी, आणि त्यातही आतली चिप वेगवेगळी होती. लोकांनी इतका आरडाओरडा केला की महिन्याभरात कंपनीनं १२ जीबीवालं मागे घेतलं आणि जानेवारी २०२३ मध्ये तेच कार्ड ४०७० टीआय या नावानं बाजारात आणलं. महागड्या कार्डाच्या गिऱ्हाइकांसाठी नाव बदललं. स्वस्त कार्डाच्या गिऱ्हाइकांसाठी वर्षभरानं तीच युक्ती पुन्हा केली, आणि या वेळी कुणी फारसं ओरडलं नाही. त्याआधी जीटी १०३० चं तर आणखी वाईट झालं होतं: २०१७ मध्ये ते जीडीडीआर-५ मेमरीसह आलं, आणि २०१८ मध्ये त्याच नावानं साध्या डीडीआर-४ मेमरीचं विकायला लागले. सेकंदाला ४८ जीबीवरून थेट १७ जीबीच्या आत. जुन्या बाजारात ते अजून फिरतंय, सांभाळा.

इथवर वाचून वाटेल की ६ जीबीचं कार्ड म्हणजे फसवणूक, घेऊच नये. असेंबल केलेल्या कॉम्प्युटरसाठी मी तेच म्हणेन. पण कंपनीच्या तयार डब्यात हिशोब उलटा होतो, आणि तो उलटा करते वीज.

मदरबोर्डवरच्या ज्या लांब स्लॉटमध्ये कार्ड बसतं, तो स्लॉट स्वतःच ७५ वॅटपर्यंत वीज पुरवू शकतो. ७० वॅटचं कार्ड त्यात बसवलं, स्क्रू आवळला, काम संपलं. म्हणून ६ जीबीच्या बहुतेक कार्डांना वरून वायरच लागत नाही. १३० वॅटच्या कार्डाचं पोट एवढ्यावर भरत नाही, उरलेली वीज एसएमपीएसमधून, म्हणजे डब्याला वीज पुरवणाऱ्या पेटीतून, थेट आणावी लागते, साधारणपणे ८ पिनांच्या वायरनं. आणि ऑफिससाठी बनवलेल्या डब्यांत ही वायर नसते. ऑप्टिप्लेक्स ३०५० च्या टॉवरमध्ये २४० वॅटचा एसएमपीएस येतो, त्याच्या छोट्या आडव्या भावात १८० वॅटचा. कंपनीनं तो टायपिंग आणि टॅलीसाठी दिलाय. त्यात कार्डासाठी वायर काढायचं कारणच नव्हतं.

आता जमाखर्च मांडू. आय-५ ७५०० ला ६५ वॅट, मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून तीस-चाळीस. त्यात ७० मिळवले की पावणेदोनशेच्या आसपास, म्हणजे २४० च्या एसएमपीएसला श्वास घ्यायला जागा उरते. १३० मिळवले तर २३५. काट्याची सुई लाल रेषेवरच. एनव्हिडियाची स्वतःची शिफारस ६ जीबीसाठी ३०० वॅट आणि ८ जीबीसाठी ५५० वॅटच्या एसएमपीएसची आहे. कंपन्या असे आकडे मार्जिन धरून सांगतात, आणि २४० च्या डब्यात ६ जीबीचं कार्ड लोक सर्रास चालवतात. पण ५५० आणि २४० यांतलं अंतर मार्जिननं भरून निघणारं नाही.

इथे दुकानात एक 'उपाय' हमखास पुढे येतो: हार्ड डिस्कच्या साटा वायरीवरून ६ किंवा ८ पिनांचा कन्व्हर्टर. दिसायला झकास, आणि स्वस्त. पण साटाच्या प्लगची १२ व्होल्टवरची क्षमता साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. ६ पिनांच्या वायरीतून ७५ वॅट आणि ८ पिनांच्या वायरीतून १५० वॅट मागायची कार्डाला मुभा असते. प्लगचा आकार बदलला म्हणून आतली तार जाड होत नाही. पहिल्या दिवशी काही होणार नाही. मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत, तीन तास गेम खेळल्यावर वितळलेल्या प्लास्टिकचा वास येईल. हा कन्व्हर्टर मी कुणाला लावून देत नाही, नातलगांना तर नाहीच.

मग एसएमपीएसच बदलायचा? असेंबल्ड कॅबिनेटमध्ये सरळ बदलता येतो. डेल, एचपी, लेनोव्होच्या ऑफिस डब्यांत बऱ्याचदा मदरबोर्डला नेहमीचा २४ पिनांचा प्लग नसतो, कंपनीचा आपला वेगळा असतो, आणि एसएमपीएसची पेटीही नेहमीच्या मापाची नसते. कन्व्हर्टर वायर मिळते, पण एसएमपीएस आत बसत नाही म्हणून तो कॅबिनेटच्या बाहेर ठेवून चालवणारेही मी पाहिलेत. चांगला एसएमपीएस, कन्व्हर्टर आणि ८ जीबीचं कार्ड यांची बेरीज केलीत की 'स्वस्तातलं अपग्रेड' हे शब्द मागे घ्यावे लागतात.

उलट बाजूही सांगायला हवी. तुमचा तयार कॉम्प्युटर गेमिंगसाठी विकलेला असेल, एसएमपीएस ४५० वॅट किंवा जास्त असेल आणि आत ६+२ पिनांची वायर गुंडाळून मोकळी पडलेली दिसत असेल, तर ६ जीबीचं घेऊ नका. वायर आहे तर ८ जीबीचं घ्या, किंवा त्याच पैशात एएमडी कंपनीचं रेडिऑन आरएक्स ६६०० कार्ड मिळतंय का बघा. ते १३२ वॅटचं आहे आणि ३०५० च्या दोन्ही भावंडांपेक्षा सरळ पुढे पळतं. वीज असताना वीज वाचवणारं कार्ड घेणं म्हणजे उगाच उपास.

आकाराचं पण बघायला लागतं. ऑप्टिप्लेक्स ३०५० चा डबा तीन मापांत येतो: टॉवर, आडवा छोटा डबा आणि जेवणाच्या डब्याएवढा मायक्रो. मायक्रोत ग्राफिक्स कार्डाचा स्लॉटच नाही, तो विषय तिथेच संपला. छोट्या डब्यात अर्ध्या उंचीचंच कार्ड मावतं. ३०५० ६ जीबी तसं मिळतं, एमएसआय, गिगाबाइट, आसुस यांनी काढलंय, पण जाडी दोन स्लॉटची. काही डब्यांत कार्डाचा स्लॉट एसएमपीएसला अगदी चिकटून असतो आणि जाड कार्डाला जागाच उरत नाही. शिवाय १८० वॅटमध्ये हा कारभार काठावरचा, आणि काही छोट्या डब्यांचा स्लॉट पुरते ७५ वॅट देतही नाही. मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये ते लिहिलेलं असतं. अशा ठिकाणी ५३ वॅटचं आरएक्स ६४०० एका स्लॉटच्या जाडीत मिळतं. त्याची खोड एवढीच की ते स्लॉटच्या माहिती नेणाऱ्या १६ पैकी ४ लेनच वापरतं, म्हणून २०१७ सालच्या, पीसीआय एक्सप्रेस ३ या जुन्या पिढीच्या स्लॉटच्या मदरबोर्डवर त्याचा वेग आणखी पडतो. ३०५० आठ लेन वापरतं, त्याला जुन्या मदरबोर्डाचा फारसा त्रास नाही.

ऑनलाइन यादीत 'आरटीएक्स ३०५०' एवढंच लिहिलं असेल तर फोटोत कार्डाची वरची कडा बघा. प्लगचं भोक दिसलं की ते बहुधा ८ जीबीचं. सेकंड हँड घेताना विकणाऱ्याला जीपीयू-झेड या फुकटच्या प्रोग्रॅमचा स्क्रीनशॉट मागा. 'बस विड्थ'च्या चौकटीत १२८ असेल तर ८ जीबी, ९६ असेल तर ६ जीबी. मेमरीचा आकडा विकणारा तोंडी काहीही सांगेल, बस बदलून सांगायचं त्याला सुचत नाही. बिलावरही '६ जीबी' किंवा '८ जीबी' लिहून घ्या, बदलून घ्यायची वेळ आली तर तेच उपयोगी पडतं. आणि लॅपटॉपमधलं ३०५० हा तिसराच प्राणी, त्याच्या चाचण्यांचे व्हिडिओ बघून या दोघांचा अंदाज बांधू नका.

एक गोष्ट भाच्यालाही सांगितली: आय-५ ७५०० मध्ये चारच कोअर आणि चारच थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं. नव्या मोठ्या गेममध्ये कार्ड कुठलंही असलं तरी प्रोसेसर आधी धापा टाकायला लागेल. ६ आणि ८ जीबीतला जो पंधरा-वीस टक्क्यांचा फरक वर सांगितला, त्यातला बराचसा या डब्यात दिसणारच नाही. त्या फरकाच्या पैशात ८ जीबी रॅमची दुसरी काडी टाकली तर गेम अडकत अडकत चालायचा थांबेल. एकच काडी असली की रॅमचा अर्धा रस्ता बंद असतो, आणि ऑफिसातून निघालेल्या डब्यांत बहुतेक वेळा एकच असते.

दुकानदारानं थोडी कुरकुर करून कार्ड बदलून दिलं; खोकं फोडलं होतं, पण कार्डावरची प्लास्टिकची पट्टी निघाली नव्हती. ६ जीबीचं आणलं, उरलेल्या पैशांतून रॅमची काडी. बसवताना मी नव्हतो. रात्री साडेदहाला फोन आला, "मामा, पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळीच." मॉनिटरची केबल कुठे लावलीयेस म्हणून विचारलं. जुन्याच जागी होती, मदरबोर्डला. कार्डाला लाव म्हटलं तर थोडा वेळ गप्प, मग म्हणाला, "याला ते निळं भोकच नाहीये." मॉनिटर जुना, फक्त व्हीजीएचा. आता डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर आणायचाय, आणि हा कन्व्हर्टर मात्र खुशाल वापरावा.